तीन कोमल खुणा

मुंबईला थंडी पडते म्हणजे काय, तर आठ-दहा दिवस पहाटे पंखा बंद करावा लागतो आणि वर्षभर डांबरगोळ्यांत पडून राहिलेला स्वेटर एकदाचा बाहेर निघतो. पुण्याची माणसं या थंडीला हसतात. हसोत. मला मात्र ती पडली की घरात बसवत नाही आणि बाहेर गेलं तर करमत नाही. कपाट उघडते, नीट असलेल्या घड्या मोडते, पुन्हा घालते. प्रभादेवीच्या या बाराव्या मजल्यावर माझी सून मला चहा देता देता विचारते, "आई, सुरू झालं का तुमचं आवरणं?" सुरू झालं, बाई. दर जानेवारीत सुरू होतं आणि एका लोखंडी ट्रंकेपाशी येऊन थांबतं. ती ट्रंक मी आवरत नाही. तिच्या तळाशी, माझ्या लग्नातल्या शालूखाली, पाच-पाच रेघा आखलेला एक मोठा कागद चार घड्या घालून ठेवलेला आहे. तो माझा नाही. तो बेंतो मास्तरांचा आहे, आणि तो हरवला असं मी त्यांना सांगितलं होतं.

आता सांगायचंच झालं तर अक्षरापासून सांगायला हवं. माझं अक्षर चांगलं होतं. बढाई म्हणून सांगत नाही. दुसरं काही चांगलं नव्हतं. मॅट्रिकला गणितात कशीबशी सुटले होते, स्वयंपाकात आईच्या मते दिवे लावत होते, पण अक्षर असं की गिरगावातल्या आमच्या चाळीत कुणाला लग्नाच्या आमंत्रणांवर पत्ते घालायचे असले की पत्रिकांचा गठ्ठा आमच्या दारात. त्या हिवाळ्यात पत्रिका आल्या नाहीत, पुठ्ठे आले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. माझा थोरला भाऊ दत्तू आणि त्याचे मित्र जिन्याखाली खळ शिजवत, आणि मी गॅलरीत बसून काजळी कालवलेल्या रंगाने 'मुंबईसह' हा शब्द दिवसाला तीस-चाळीस वेळा लिहीत असे. त्या शब्दातला ह माझ्या हातून इतका डौलदार निघे की दत्तू म्हणायचा, "पमे, पोलीस लाठी मारायच्या आधी दोन मिनिटं वाचत उभे राहतात बघ." दत्तूचं बोलणं असंच. आई तेवढ्यावरून दोघांनाही बोलायची.

चाळीच्या मागल्या बाजूला गोव्याच्या लोकांची कूड होती. एका गावातल्या माणसांनी मिळून घेतलेली मोठी खोली, भिंतीलगत पेट्या, वर येशूची तसबीर, आणि बोटीवरून सुटलेले किंवा नोकरी शोधणारे गावकरी तिथे मुक्कामाला. बेंतो मास्तर त्यातलेच. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून उभ्यानेच जेवणारे. समुद्राकाठच्या एका हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये ते सॅक्सोफोन वाजवत. दारूबंदी आल्यापासून ते नाच आटले होते, आणि मास्तरांच्या दुपारी मोकळ्या होत चालल्या होत्या. कुडीच्या खिडकीत बसून वाद्याच्या तोंडात टॉवेल कोंबून ते एकच सूर धरून ठेवत, इतका वेळ की आमच्याकडे भात व्हायचा. मी शाळेतल्या भजनाच्या वर्गात पेटी शिकले होते. बिलावल, भूप, जरा काफी. तो सूर कुठला ते मी पेटीवर शोधत बसे. सापडला की उगाच मोठं काही केल्यासारखं वाटे.

थंडीतली त्यांची एक पद्धत मला नीट आठवते. वाजवायच्या आधी ते कितीतरी वेळ वाद्यात नुसती फुंकर घालत. आवाज नाही, सूर नाही. फक्त श्वास. एकदा मी गॅलरीतून विचारलं, "मास्तर, बिघडलंय का?"

"बिघडूंक ना गो. गार हवेत वाद्य उतरतं. आधी ऊब द्यायची, मग सूर मागायचा."

त्यांनी माझे पुठ्ठे वाळत टाकलेले बघितले होते. एका दुपारी ते गॅलरीखाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, तुझा हात स्थिर आहे. माझ्या कागदाच्या नकला करशील?"

मला वाटलं अर्ज असेल. निघालं संगीत. पाच रेघा, त्यांवर लटकलेले काळे ठिपके, शेपट्या, खुणा. मास्तरांनी स्वतः रचलेलं. त्याला नाव नव्हतं. हॉटेलात नोकरी लागायच्या आधी ते लालबागला एका गिरणीत काम करणाऱ्या चुलतभावाच्या खोलीत राहत, आणि तिथे पहाटे तीन गिरण्यांचे भोंगे एकामागून एक होत. तिघांची पट्टी निराळी. त्या तीन भोंग्यांवरून त्यांनी तीन सॅक्सोफोनचं ते रचलं होतं, सोबत पियानो, मोठं बास आणि ड्रम. एका मोठ्या कागदावर सगळ्यांचं मिळून लिहिलेलं मूळ पान. त्यातून प्रत्येक वादकाचं वेगळं पान उतरवून काढायचं, असं माझं काम. ते वाचायचं कसं हे मला येत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. मास्तरांनी एवढंच सांगितलं, "ही बारकी खूण दिसते? तुमच्या पेटीवर कोमल म्हणता, तेंच हें." मी मान डोलावली. मला कोमल कळत होतं. तेवढंच कळत होतं, आणि तिथेच सगळं नडलं.

घाई कशाची तेही सांगितलं त्यांनी. एक परदेशी पियानोवादक बोटीने पुढे जाताना मुंबईत थांबणार होता. रविवारी सकाळी धोबीतलावाच्या एका सभागृहात तो इथल्या वादकांच्या स्वतःच्या रचना ऐकणार होता, आणि त्याला पसंत पडली तर तिकडच्या संगीतशाळेत शिकायला पाठवायची शिफारस करणार होता. सोमवारी त्याची बोट. मास्तर हे सांगताना कॉलरचं बटण लावत आणि काढत होते. "दहा वर्षं लोकांच्या पायांसाठी वाजवलें," ते म्हणाले. "एकदा तरी माझं कोणी कानांनी ऐकू दे."

आणि त्याच आठवड्यात मुंबई बंद पडली. मोर्चे, दगड, लाठ्या, मग गोळीबार, मग संचारबंदी. लालबाग-परळचे भोंगे झाले नाहीत. गिरगावात सकाळी दहा वाजता अशी शांतता की दूधवाल्याच्या रिकाम्या किटलीचा आवाज दोन गल्ल्यांवरून यावा. दत्तू दोन दिवस घरी नव्हता. आई देवापुढे बसून उठायची, दारात जायची, पुन्हा बसायची. मी गॅलरीच्या कोपऱ्यात उन्हाच्या पट्ट्यात पाट मांडून नकला करत होते, आणि ऊन सरकेल तसा पाट सरकवत होते. काय करणार? हाताला काम होतं म्हणून डोकं ठिकाणावर होतं. रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली की लेखणी उचलायची आणि गेली की पुन्हा टेकवायची.

शनिवारी दुपारी मला मास्तरांची चूक सापडली.

म्हणजे मला तसं वाटलं. पियानोच्या ओळीवर सुरुवातीलाच तीन कोमल खुणा होत्या. दुसऱ्या सॅक्सोफोनच्या ओळीवर एकही नव्हती, तिसऱ्याच्या ओळीवर एकच. रचना एक, वाजवणारे एकत्र, मग खुणा वेगळ्या कशा? भजनात पेटीवाल्याने एक पट्टी धरली आणि टाळकऱ्याने दुसरीत गायलं तर बुवा उठून जातील. मास्तर दमले होते, भुकेले होते, संचारबंदीत कुडीतली चूल बंद होती. घाईत राहून गेल्या असणार खुणा. त्यांची खिडकी आमच्या गॅलरीपासून वीस हातांवर. संचारबंदी रस्त्याला होती, हाक मारायला नव्हती. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. पण मला वाटलं, कशाला माणसाला आणखी त्रास? आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, उद्या त्यांना कळेल की ही पोर नुसती नक्कल करत नाही, हिला समजतंसुद्धा. मी दोन्ही पानांवर पियानोसारख्या तीन-तीन कोमल खुणा करून टाकल्या. अक्षर इतकं सुरेख की छापलेलं वाटावं.

रविवारी सकाळी काही तास संचारबंदी उठली. तालीम करायला वेळच नव्हता. वादक जिथून तिथून, आडवाटांनी येऊन पोचले, आणि पानं त्यांच्यापुढे पहिल्यांदा उघडली ती थेट त्या पाहुण्यासमोर. पानं मीच घेऊन गेले होते, ती वाटून मागे भिंतीला टेकून उभी होते. पांढरी साडी नेसले होते, अशा सभागृहात काय नेसून जावं हे माहीत नसल्यामुळे. मास्तरांना स्वतःचं तोंडपाठ होतं. त्यांनी पहिला भोंगा वाजवला, आणि तो असा लांब, असा सरळ आला की लालबागच्या पहाटेत कधी पाऊल न ठेवलेल्या मलाही तो ओळखीचा वाटला. मग दुसरा सॅक्सोफोन त्यात शिरला, मग तिसरा.

काय झालं ते आज मला नेमकं सांगता येतं. ज्याच्या त्याच्या 'सा'पासून मोजलं तर पियानो आणि मास्तर बिलावलात होते. दुसरा आसावरीत गेला, तिसरा काफीत. त्या दिवशी मात्र एवढंच कळलं की तीन माणसं तीन घरांत भांडतायत. बासवाल्याने मान वर केली. पाहुण्याने आधी कपाळाला आठी घातली, मग सभ्यपणाने ती काढून टाकली, आणि ते जास्त वाईट होतं. मास्तरांनी वाजवता वाजवताच डावा हात सोडून दोघांना थांबवलं आणि उरलेलं एकट्याने पुरं केलं. तिघांचं होतं ते. एकट्याने ते पुरं होत नाही. शेवटी ते सगळ्यांकडे वळून इंग्रजीत आणि मग कोंकणीत म्हणाले, लिहिण्यातली चूक माझी, घाईत लिहिलं. पाहुणा उठून त्यांच्याशी हात मिळवून गेला. सोमवारी बोट गेली.

मी घरी पळाले. ठाकुरद्वारला पुन्हा दगड सुरू झाले होते, डोळ्यांत अश्रुधूर, पदर तोंडावर. पिशवीत मूळ पान होतं, ते मी छातीशी धरून आणलं. घरी येऊन उलगडलं. त्या दोन ओळींवर खुणा नव्हत्या. मास्तरांनी लिहिलेलं तसंच होतं, स्वच्छ. म्हणजे हे पान कुणी बघितलं तर चूक कुणाची ते लहान पोरालाही दिसणार. मी ते ट्रंकेत घातलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दारात आले. आत आले नाहीत. "मूळ पान दे गो, बाय."

"हरवलं," मी म्हटलं. "काल ठाकुरद्वारला. अश्रुधूर होता, लोक पळत होते... हातातून सुटलं."

दत्तू तेव्हा परत आला होता, डोक्याला पट्टी, कोपऱ्यात बसलेला. तो म्हणाला, "खरंच फार होतं काल, मास्तर." बिचाऱ्याने माझी बाजू घेतली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला लागलं तर नाही ना? मग जाऊ दे." दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळले. "मी तुला लिहायला दिलं. वाचायला शिकवलंच नाही. पुढच्या सोमवारपासून ये, दुपारची. आईला सांग, दार उघडं असेल."

मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. तिसऱ्या की चौथ्या धड्याला त्यांनी सॅक्सोफोन मांडीवर घेऊन सांगितलं की या वाद्याचा 'सा' पियानोच्या 'सा'पेक्षा निराळा, आणि लहान-मोठ्या सॅक्सोफोनचा एकमेकांपेक्षाही. ते ज्याला 'सा' म्हणतं तो पियानोचा 'सा' नव्हे. म्हणून त्याचं पान त्याच्या हिशेबाने लिहायचं, खुणा वेगळ्याच दिसणार, आणि वेगळ्या दिसल्या तरच एकत्र वाजेल. "प्रत्येकाला त्याच्या भाषेत लिहून द्यायचं, बाय. मग सगळे एक बोलतात." बाहेर दत्तूचे मित्र आमच्या भाषेच्या राज्यासाठी घसा फोडत होते. मी वहीकडे बघत राहिले. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही. मास्तर म्हणाले, "पाणी हवं?" मी हो म्हटलं.

राज्य झालं. आमच्या गल्लीत पेढे वाटले, दत्तू रडला. माझं लग्न झालं, मी दादरच्या एका शाळेत संगीत शिकवायला लागले, ते मास्तरांनी शिकवलं म्हणूनच. मास्तरांनी हॉटेल सोडलं. दादरच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवलं, दुसऱ्यांच्या चालींना साज चढवला, नाव कुठे आलं नाही. आणि लालबागला एका चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीत वर्ग काढला. वरातीच्या बँडमधले लोक, गिरणीतले लोक, जो येईल तो. पुढे मिलिंद आला. त्याच्या वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर गावातलं वाजवण्याचं काम कायमचं सोडलं होतं, आणि पोराने वाद्याला हात लावलेला त्यांना खपत नव्हता. मास्तर त्यांच्या घरी गेले, पाच रेघांची वही पुढे ठेवली आणि म्हणाले, "हें वाजवणं नव्हे. हें लिहिणं-वाचणं. परीक्षा असते." वडिलांनी वही उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "मग जाऊ दे." विद्यार्थ्यांसाठी मास्तरांनी कितीतरी छोट्या रचना केल्या. तीन भोंग्यांची ती मात्र पुन्हा कधी वाजली नाही. हरवली ना ती.

दर जानेवारीत मी त्यांना भेटायला जायचे. थंडी पडली की ते हमखास विचारत, "कपाट आवरलंस गो? काय मेळ्ळें?" काही सापडलं का, एवढाच अर्थ. म्हातारी माणसं काहीतरी विचारतात तसं मला वाटायचं. मी म्हणायचे, "काय सापडणार मास्तर, जुने स्वेटर." ते हसत आणि विद्यार्थ्यांकडे वळत. चाळीसहून जास्त जानेवारी असं झालं. शेवटच्या वर्षी त्यांना नीट दिसतही नव्हतं, तरी विचारलं. मी तेच उत्तर दिलं.

ते गेल्यावर वर्ग मिलिंद चालवतो. आता त्याचेही केस पांढरे झालेत. या जानेवारीत त्याचा फोन आला. चाळ पाडून टॉवर होणार, खोली रिकामी करताना मास्तरांच्या पेटीत एक पुडकं मिळालं. वाद्यांची वेगवेगळी पानं, जुन्या शाईची, अक्षर देखणं. "बाई, तुमचंच अक्षर ना? दोन पानांवर सुरुवातीच्या तीन खुणा लाल पेन्सिलीने खोडल्यात आणि बरोबर केल्यात. सगळी पानं आहेत, आम्ही उद्यासुद्धा वाजवू शकतो. पण वर सरांनी एक चिठ्ठी बांधलीये, म्हणून थांबलो."

"वाच."

त्याने वाचली. 'मूळ पान प्रमिलाकडे आहे. ती आणून देईल. तोवर थांबायचे.' खाली तारीख. ठाकुरद्वारला पान हरवलं असं मी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मला आधी राग आला. खरंच आला. हा माणूस माझ्याकडून नुसतं एक वाक्य ऐकायला इतकी वर्षं स्वतःची रचना पेटीत घालून बसला? एकदा दरडावून विचारायला काय झालं होतं? पानं सगळी त्यांच्याजवळ होती, मूळ पानाची गरजच नव्हती. हवं तेव्हा वाजवलं असतं, जगाने ऐकलं असतं. मी फोन ठेवून घरभर फिरले, एक कपाट उगाच उघडलं, बंद केलं. मग ते दर जानेवारीचं विचारणं आठवलं आणि मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसावं लागलं. सुनेने विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "ट्रंक खाली काढ."

लालबागच्या त्या खोलीत अर्ध्या भिंती आधीच उघड्या झाल्या होत्या. मिलिंदने माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. तिघं विद्यार्थी, त्यात एक मुलगी, वाद्यं घेऊन बसले होते आणि मास्तरांच्या पद्धतीने नुसती फुंकर घालत होते. थंडी होती. मी पिशवीतून कागद काढला. घड्यांच्या जागी तो फाटायला आला होता, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. मिलिंदने तो दोन्ही हातांनी धरला.

"बाई, कुठे सापडलं हे?"

"सापडलं नाही रे," मी म्हटलं. "हरवलंच नव्हतं. मी लपवलं होतं. चूक मी केली होती, आणि त्यांना खोटं सांगितलं."

मिलिंदने कागद समोरच्या स्टँडवर लावला, पुडक्यावरची चिठ्ठी सोडून बाजूला ठेवली, पानं तिघांपुढे मांडली, आणि त्या मुलीला खूण केली. तिने पहिला भोंगा वाजवला. मग दुसरा आला, मग तिसरा, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते पुरं ऐकलं.